एक्केचाळीस केसपेपर

मी एकदा डॉक्टरकी सोडून व्यवस्थापन सल्लागार झालो होतो, असे सांगितले की नातवंडे हसतात. त्यांचा दोष नाही. मलाही ही हकिगत दुसऱ्या कोणाची तरी ऐकल्यासारखी वाटते. हा व्यवसाय मी एकूण तीन महिने केला. त्या तीन महिन्यांत मला जेवढे धक्के बसले तेवढे चौदा वर्षांच्या दवाखान्यात बसले नव्हते, आणि आमच्या दवाखान्याची विजेची वायरिंग तर अगदीच खराब होती.

हिंगणघाटच्या माझ्या दवाखान्यात रोगी पुष्कळ येत आणि बरे होत. माझी अडचण नेमकी हीच होती. नाडी धरली की मला दोन रोगांची शंका येई, पुस्तक उघडले की पाचांची. मग त्यातल्या त्यात कोणाला बाधणार नाही असे काहीतरी लिहून मी चिठ्ठी खिडकीतून आत सरकवी. आमचा कंपाउंडर चिंधू ती हातभर लांब धरून पाही, मग रोग्याकडे पाही, मग बाटली भरून तिच्यावर डोसांची कातरलेली पट्टी चिकटवी. आठव्या दिवशी तो माणूस हसत दारात उभा. का बरा झाला, हे मला कधी कळले नाही. विचारणार तरी कोणाला? गुंतागुंतीचे रोगी मी सेवाग्रामच्या मोठ्या इस्पितळात पाठवीत असे. तेही बरे होऊन येत, पण त्याचे कारण निदान समजण्यासारखे होते.

अशा मनःस्थितीत मी मुंबईहून व्ही.पी.ने व्यवस्थापनशास्त्राचे एक जाड पुस्तक मागवले. त्यात लिहिले होते की कारखान्याचे दुखणे मोजमापाने ओळखता येते. मला हे फार आवडले. कारखाना रात्री दार ठोठावत नाही. तो आपला हात घट्ट धरून ‘वाचीन ना हो?’ असे विचारत नाही. मी पुस्तक तीनदा वाचले, खाली रेघा मारल्या, आणि एक दिवस जेवताना कांताला, म्हणजे माझ्या पत्नीला, बेत सांगितला.

कांता आंजी गावच्या शेतकरी घरातली. तिने आधी मला पोळी वाढली.

“होळीपर्यंत करा काय कराचं थे,” ती म्हणाली. “होळीपर्यंत एका तरी माणसानं येऊन म्हनलं का तुमच्यानं फायदा झाला, तर मी एक शब्द बोलणार नाई. नाई तर पाटी काढाची अन् गुमान दवाखान्यात बसाचं.”

मला ही अट न्याय्य वाटली. एका माणसाने ‘फायदा झाला’ म्हणावे, एवढेच. चौदा वर्षे लोक तेच म्हणत आले होते, पण त्यावर माझा विश्वास नव्हता. आता मोजून, तपासून, खात्रीने कोणीतरी म्हणेल, ही माझी आशा होती.

पाटीपासूनच संकटे सुरू झाली. परवान्यासाठी नगरपालिकेत गेलो तर तिथल्या बाबूला आपल्या यादीत हा धंदा सापडेना.

“माल काय ठेवता?”

“माल नाही. सल्ला.”

“कायचा?”

“काम कसे करावे याचा.”

त्याने पुन्हा यादी चाळली. मग यादीच्या अगदी तळाशी ‘इतर’ होते, तिथे ज्योतिषी आणि कुलुपांच्या किल्ल्या करणारे यांच्यामध्ये मला बसवले. आमचे शेजारी रूपराव, निवृत्त हेडमास्तर, यांनी तो परवाना चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “डाक्टर, ज्योतिष्याच्या वर नाव आलं असतं तर बरं दिसलं असतं.” पुढे तीन महिने ते रोज सकाळी कुंपणावरून सल्ला देत. सल्लागाराला सल्ला देण्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटत नव्हते, आणि तसे सांगण्याचे मला धैर्य नव्हते.

पहिले आणि शेवटचे गिऱ्हाईक मिळाले ते मोतीलालशेठ. त्यांचा कापसाचा जिनिंगचा कारखाना होता. रेचे नावाच्या यंत्रांवर कापूस घालून सरकी वेगळी आणि रुई वेगळी करायची, एवढेच तिथले काम. पण हंगामात कापसाच्या बैलगाड्या तीन-तीन दिवस आवारात उभ्या राहत आणि रेचे मात्र रडतखडत चालत.

“डाक्टरसाब, मशीन नवीकोरी, आदमी भरपूर, फिर भी काम नई निकलता,” शेठजी म्हणाले. “टाइम कुठं जाते, तेवढं शोधून द्या. बस.”

वेळ कुठे जातो ते शोधणे! पुस्तकात यावर अख्खे प्रकरण होते. मी एक स्टॉपवॉच मिळवले. पुस्तकाप्रमाणे प्रत्येक कामगाराची माहिती एका छापील तक्त्यावर भरायची होती. तसे तक्ते छापायला पंधरा दिवस लागतील असे छापखानेवाला म्हणाला. तेव्हा चिंधूने दवाखान्यातला केसपेपरांचा गठ्ठा काढून दिला. नाव, वय, काम हे रकाने त्यात होतेच. मागची बाजू कोरी होती. मला ती काटकसर फार शास्त्रशुद्ध वाटली.

आता, ते साल शहात्तर होते. आणीबाणी चालू होती आणि नसबंदीची मोहीम जोरात होती. प्रत्येक कचेरीला केसेसचा आकडा ठरवून दिला होता, आणि जीप दिसली की गावेच्या गावे शेतात पळत. हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होते. मलाही माहीत होते. फक्त त्या दिवशी सकाळी ते माझ्या ध्यानात आले नाही. यापेक्षा चांगला खुलासा मला आजही सुचत नाही.

शेठजींनी माझा मान राखायचे ठरवले होते. त्यांनी मला आणायला आपल्या मेव्हण्याची जीप पाठवली. ती जीप लिलावात घेतलेली, पूर्वीची आरोग्य खात्याची. रंग नवा होता, पण दारावरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगाखालून दिसत होता. जुने गोंदण दिसावे तसा. चिंधू मागच्या बाजूला बसला. मांडीवर माझी डॉक्टरची बॅग. स्टॉपवॉच आणि मोजपट्टी ठेवायला आमच्याकडे दुसरी बॅग नव्हती.

आवारात पोचलो तर शेठजींनी माझ्यासाठी पांढरी कनात उभी केली होती. आत टेबल, खुर्ची आणि एक लांब बाकडे. ‘आदमी अकेले में खुलकर बोलता है,’ असा त्यांचा विचार. बाहेर स्टीलच्या डब्यांची चळत होती. माहिती देणाऱ्या प्रत्येकाला एक डबा आणि अर्ध्या दिवसाची सुटी. हे मुनीमजींनी भोंग्यावरून जाहीर केले. नसबंदीच्या शिबिरांतही लोकांना असेच काहीतरी भांडे देत. पण मी म्हटले ना, त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही.

आत पहिला आला तो डोमाजी. इंजिनाचा पट्टा चढवण्याचे काम त्याचे. पस्तिशीचा धिप्पाड गडी. मी नाव लिहिले, वय लिहिले. मग माझ्या हाताने, मला न विचारता, चौदा वर्षांच्या सवयीने पुढचे रकाने भरायला घेतले.

“लग्न झाले आहे?”

“झालं ना.”

“मुले किती?”

डोमाजी जरा थांबला. “सहा.”

“शेवटचे केवढे?”

“रांगून राह्यलं.”

“बरं. आता मी हे घड्याळ चालू करतो. तू नेहमीसारखे काम करायचे. घाबरायचे नाही. दुखणार नाही.”

हे शेवटचे वाक्य मी का बोललो? आजवर मी स्वतःला हजार वेळा विचारले आहे. इंजेक्शन देताना मी ते नेहमी म्हणत असे, एवढेच मी सांगू शकतो. डोमाजीने माझ्याकडे पाहिले, बॅगेकडे पाहिले, बाकड्याकडे पाहिले. मग डबा न घेता शांतपणे बाहेर गेला. मला तो शिस्तीचा माणूस वाटला.

बाकीचे आधी भोळेपणाने रांगेत येत होते. चाळीस जणांची माहिती झाली. एक्केचाळिसावी होती जिजाबाई, बायांच्या टोळीची मुकादमीण. तिने कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात विचारले, “डाक्टर, माहं तर सगळं होऊन बसलं, मी आजी झाली. मले काऊन पुसता? अन् इंजिनाजवळ डोमाजी सांगून राह्यला का एका दिवसात सगळ्याईचं उरकणार, थे खरं हाय काय?”

“हो,” मी म्हणालो. “आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे उरकायचे आहे.”

पुढचे मला नीट सांगता येत नाही. आधी इंजिन बंद पडले. मग धप्, धप् असे आवाज आले. ते माणसे भिंतीवरून उड्या मारत असल्याचे होते. कनातीबाहेर येऊन पाहतो तो आवाराच्या फाटकातून बैलगाड्या एकमेकींच्या चाकांत चाके अडकवत सुटल्या होत्या. तीन दिवस तसूभर न हललेल्या ऐंशी गाड्या! कापूस रस्ताभर उडत होता. एक म्हातारा गाडीवान बैलांची शेपटी पिळत ओरडत होता, “माह्यं वय झालं रे बाप्पा, मले सोडा!” वेणा नदीच्या काठापर्यंत धुळीची रेघ दिसत होती. शेठजी ‘रुको, रुको’ करत एका चपलेने धावत होते. आणि मी कनातीच्या दाराशी हातात चालू घड्याळ धरून उभा होतो. आवार रिकामे व्हायला सतरा मिनिटे लागली. माझ्या सल्लागारीतले हे एकमेव अचूक मोजमाप.

जिजाबाई तेवढी जागेवर होती. तिने दोन डबे उचलले. “एक माहा, एक डोमाजीचा,” म्हणाली आणि निघून गेली.

हाही धक्का पुरेसा नव्हता. अर्ध्या तासात तहसीलचे एक नायब साहेब जीपमधून उतरले. चेहरा आनंदाने फुललेला. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“डॉक्टर, अहो, कळवायचं तरी! खाजगी डॉक्टरनं स्वतःहून कारखान्यात शिबिर घेतलं, हे तर जिल्ह्यात पहिलंच. किती झाल्या?”

“एकही नाही. मी फक्त वेळ मोजत होतो.”

“शून्य लिहिता येत नाही हो. शून्याला रकानाच नाही.” तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या गठ्ठ्यावर गेली. नाव, वय, लग्न, मुले. एक्केचाळीस कागद. “वा! मग हे काय आहे? ही तर तयार यादी. हे मी नेतो. उद्या अकराला कचेरीत या, सगळं नीट पक्कं करून घेऊ.”

मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडले. जीप गेल्यावर ते मिटले.

संध्याकाळी कांता मागच्या अंगणात भांडी घासत असताना डोमाजी कुंपणाच्या मागून आला. नदीतल्या चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला.

“डाक्टर, माहं नाव त्या कागदात हाय.”

“आहे.”

“सहा लेकरं सांगतली मी. चारच हायेत. म्हनलं, शेठ भत्ता देत असन.” तो खाली बसला. “तुमी नाडी पाहाचे तवा भरोसा वाटे. आता घरी कसा जाऊ? कोणच्या वक्ती जीप येईन, काय नेम?”

 फायदा करायला निघालो होतो. एक्केचाळीस माणसांची नावनिशी मी स्वतःच्या हाताने सरकारच्या हातात दिली होती, आणि ज्या काटकसरीचे मला कौतुक वाटले होते तिच्यामुळे ती सरकारी रकान्यांतही बसली होती. रूपरावांनी कुंपणावरून सल्ला दिला की मी सरळ रजेवर जावे. कुठल्या नोकरीवरून, ते त्यांनी सांगितले नाही. कांताने डोमाजीला भाकर दिली. माझ्या ताटाकडे पाहून ती फक्त एवढेच म्हणाली, “उद्या थे कागद आणल्याशिवाय घरी येजो नका.”

दुसऱ्या दिवशी मी चिंधूला घेऊन कचेरीत गेलो. नायब साहेब कपाळाला आठ्या घालून बसले होते. समोर माझा गठ्ठा. आजूबाजूला तीन कारकून.

“डॉक्टर, हे कोणत्या भाषेत आहे?”

“मराठीत.”

“यातलं एक अक्षर लागत नाही. तुम्ही वाचा, हे लिहून घेतील.”

मी वरचा कागद घेतला. देवाशपथ सांगतो, मलाही वाचता येईना. माझे अक्षर दुसऱ्या दिवशी मला कधीच लागत नाही. 

“मला… हे आमचा कंपाउंडर वाचतो,” मी म्हणालो आणि लगेच पस्तावलो. कारण चिंधू हा हिंगणघाटातला सगळ्यात सरळ माणूस होता. चौदा वर्षांत मी त्याच्या तोंडून एकही खोटे ऐकले नव्हते.

चिंधूने कागद हातभर लांब धरला. त्याच्याकडे पाहिले. मग नायब साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग सावकाश, डोस सांगावा तसा, वाचू लागला.

“डोमाजी. वय अडुसष्ट. लग्न नाई.”

कारकुनाने लिहिले. 

“बापूजी. वय बाहत्तर. बायको वारली. लेकरू नाई. दमा हाय.”

असे एक्केचाळीस. एकही जण साठीच्या आतला नाही. सहा जणांना अजिबात दिसत नव्हते. जिजाबाईचे वय त्र्याऐंशी. शेवटी शेवटी कारकुनांनी लिहिणे सोडले होते.

“डॉक्टर,” नायब साहेब म्हणाले, “मोतीलालचा कारखाना आहे का वृद्धाश्रम?”

आणि इथे माझ्या हातून एक गोष्ट घडली, जिच्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मी बोललो.

“म्हणूनच तर तिथे काम हळू चालते, साहेब. मी हेच शोधायला गेलो होतो.”

नायब साहेबांनी गठ्ठा माझ्याकडे ढकलला. “घेऊन जा ही रद्दी. सकाळ वाया घालवली.” घरी आल्यावर कांताने ते एक्केचाळीस केसपेपर आंघोळीच्या बंबात घातले. पाणी छान तापले.

बातमी माझ्याआधी कारखान्यात पोचली. सोमवारी सगळे कामावर हजर. मला पाहून अडुसष्ट वर्षांचा डोमाजी काठी टेकत चालण्याची नक्कल करी आणि रेच्यावरच्या बाया हसून लोळत. या खुशीतच जिजाबाईने मला बाजूला घेऊन सांगितले, “टाइम कुठं जाते म्हनून पुसत होते ना? कोणीबी सांगतलं असतं. शेठनं इंजिनाची पूजा केल्याबिगर पट्टा चढवाचा नाई, अशी बापाच्या वक्तापासून रीत. अन् शेठ उठते नऊले. येते धाले. आमी सातपासून बसून राहतो.”

तीन तास. रोज. सगळ्यांना माहीत. आणि मी मोजपट्टी घेऊन आलो होतो.

आता हे शेठजींना सांगायचे कसे? पूजेवर बोट ठेवायचे, झोपेवर बोट ठेवायचे, आणि तेही मी? मी बावीस पानांचा अहवाल लिहिला. त्यात ‘प्रारंभिक विलंबाची संभाव्यता’ असे शब्द होते, आणि शेवटी तर हा दोष बहुधा हवामानाचा असावा असेही मी लिहिले. होळीला पंधरा दिवस होते. शेठजींनी अहवाल उलटासुलटा धरून पाहिला आणि चिंधूकडे दिला. “तूच वाच बाबा. तुलेच समजते म्हनते.”

चिंधूने बावीस पाने हातभर लांब धरली. शेठजींच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिले, पोटाकडे पाहिले.

“रोज पहाटे पाच वाजता उठा,” तो वाचू लागला. “कारखान्यापर्यंत पायी जा. जीप नाई. सातच्या आत, उपाशीपोटी, इंजिनाची पूजा करा. मंगच चहा. पंधरा दिवस घ्या अन् दाखवा.”

मी डोळे मिटून घेतले. शेठजींचा आवाज आला, “बस? इतनाच? अरे, ये तो मैं आज से करता!”

होळीच्या दिवशी शेठजी स्वतः आमच्या घरी आले, चक्क चालत. आवारात एकही गाडी रात्रभर थांबत नाही, म्हणाले. कमरेचा करगोटाही सैल झाला, म्हणाले. “कांताबाई, तुमच्या साहेबानं लई फायदा झाला!”

मी कांताकडे पाहिले. अट पूर्ण झाली होती. चौदा वर्षे आणि तीन महिन्यांनी एक माणूस मोजून, तपासून म्हणाला होता. फक्त ते बावीस पानांत कुठेही नव्हते.

शेठजी गेल्यावर मी चिंधूला अंगणात गाठले.

“चिंधू, मी असे लिहिले नव्हते.”

“असन.”

“कचेरीत तू मुद्दाम खोटे वाचलेस, ते मी समजलो. पण शेठजींपुढेही?”

चिंधू गोंधळला. “मुद्दाम कायचं, साहेब? नावं वळखीची होती. बाकी तुमचं अक्षर मले कधी लागलं?”

“कधी म्हणजे?”

“पयल्या दिवसापासून. पुसाची लाज वाटे. तुमी बी लाजाळू, मी बी लाजाळू.” तो हलके हसला. “म्हनून मी पेशंटच्या तोंडाकडं पाहो, जीभ पाहो, अन् तुमच्या आधी एका मोठ्या डाक्टरच्या हाताखाली जे शिकलो थे देओ. आतापर्यंत तर जमलं.”

मी पायरीवर बसलो. आत कांता हसत होती. बराच वेळ हसत होती.

पाटी मी त्याच संध्याकाळी काढली. कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला आणि निश्चय केला की आता तरी आपले काम आपण करायचे. कित्ता आणला. रोज सकाळी तासभर शाळेतल्या मुलासारखी वळणे गिरवली. दीड महिन्यात माझे अक्षर मोत्यासारखे झाले. चिंधूने पहिली चिठ्ठी हातात घेतली, घडघड वाचली, आणि रोग्याकडे न पाहताच बाटली भरली.

पहिल्या आठवड्यातच तीन रोगी सेवाग्रामला पाठवावे लागले. तो कित्ताही कांताने बंबात घातला.